अपडेट यशस्वी, आवाज गायब

सांगलीहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मामा जेवण झालं की फोनला हात लावत नाहीत. त्या वेळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, या भीतीने मी पहिल्या रिंगलाच उचलला.

"अरे, तो डॅक," मामा म्हणाले. "अपडेट केला. सक्सेसफुल म्हणाला. आणि आता गातच नाही."

फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा त्याच्या पोटातला प्रोग्रॅम. त्याचं अपडेट फसल्याच्या गोष्टी सहसा एकाच साच्यातल्या असतात. मध्येच लाइट गेली, पट्टी साठ टक्क्यांवर अडकली, डबा मेला. मामांच्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. पट्टी शंभरावर गेली होती, लाइट सलग होती, आणि घ्यायची ती सगळी काळजी त्यांनी घेतली होती. म्हणूनच हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

मामा वीज मंडळातून निवृत्त झाले. त्यांच्या बाहेरच्या खोलीतला संच साधा आहे. विंडोज लॅपटॉपवर फूबार २००० हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम, तिथून यूएसबीने डॅक, डॅकमधून अॅम्प आणि दोन मध्यम स्पीकर. टीव्हीची ऑप्टिकल वायरही त्याच डॅकला जोडलेली, कारण मामींना टीव्हीचा स्वतःचा आवाज "डब्यातनं आल्यासारखा" वाटतो. डॅक २०२१ च्या दिवाळीत घेतलेला. ज्यांना डॅक म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फाइलमधल्या आकड्यांचा विद्युतलहरीत अनुवाद करणारा हा डबा. प्रत्येक मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तो असतोच, शौकीन मंडळी तो वेगळा विकत घेतात.

गाण्यांचा साठा तीन प्रकारचा. सीडीवरून उतरवलेल्या फाइली ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने (हाच सॅम्पल रेट) आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. एलपी मामांनी स्वतः टर्नटेबलवर लावून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला उतरवल्या आहेत. निवृत्तीनंतरची पहिली तीन वर्षं त्यातच गेली, बरीचशी नाट्यपदं आणि थोडे ख्याल. तिसरा प्रकार म्हणजे एका स्नेह्याने पेनड्राइव्हवर दिलेल्या डीएसडी या वेगळ्या पद्धतीच्या फाइली, जेमतेम तीस-चाळीस. सगळं रामायण या तीस-चाळीस फाइलींवरून घडलं.

तो ‘पट्’

तक्रार अशी होती की डीएसडी फाइल संपून साधी फाइल सुरू झाली की स्पीकरमधून ‘पट्’ असा आवाज यायचा. मोठा नाही, ओल्या फटाक्यासारखा. पण मामा रात्री हळू आवाजात ऐकतात आणि त्या शांततेत तो दचकवायचा.

याचं कारण मजेशीर आहे. साध्या डिजिटल ध्वनीत, म्हणजे पीसीएममध्ये, शांतता म्हणजे शून्य. नमुन्यामागून नमुना शून्य आला की काही वाजत नाही. डीएसडीत तसं चालत नाही. तिथे एका सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० एकेकटे बिट धावतात, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या बरोबर ६४ पट. लहर वर आहे की खाली हे १ आणि ० यांच्या दाटीवरून ठरतं. त्यामुळे सगळे शून्य पाठवले तर शांतता होत नाही, लहर तळाला जाऊन बसते. डीएसडीतली शांतता म्हणजे १ आणि ० निम्मेनिम्मे, एकमेकांत विणलेले. आता डॅक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना क्षणभर जरी एकीची शांतता दुसरीच्या नियमाने वाचली गेली, तर बाहेरच्या विद्युतदाबात पायरी पडते. स्पीकरच्या पडद्याला ती पायरी म्हणजे धक्का, आणि आपल्या कानाला पट्.

त्यात भर म्हणजे डीएसडी अनेकदा पीसीएमचं सोंग घेऊन यूएसबीतून जातं. या पद्धतीला डीओपी म्हणतात. २४ बिटच्या नमुन्यात १६ बिट डीएसडीचे आणि वरच्या ८ बिटांत एक खूण, आळीपाळीने ०५ आणि एफए. या खुणा ओळीने दिसल्या की डॅकने ओळखायचं की हे पीसीएम नव्हे. ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात तोंड बंद ठेवणं म्हणजेच म्यूट करणं डॅकच्या हातात असतं. किती वेळ म्यूट करायचं हे फर्मवेअर ठरवतं. म्हणजे तक्रार फर्मवेअरच्या हद्दीतलीच होती, आणि कंपनीच्या पानावर नव्या आवृत्तीखाली लिहिलंही होतं: डीएसडीवरून पीसीएमवर जाताना येणारा आवाज दुरुस्त केला. मामांनी ते वाचलं आणि त्यांचं ठरलं.

तयारीत कसूर नव्हती

उभी हयात विजेत काढलेला माणूस अपडेट करायला बसला तर कसा बसेल? सगळ्यात आधी अॅम्प बंद. नुसता बंद नाही, अॅम्पच्या मागच्या आरसीए पिनाही, म्हणजे डॅककडून येणाऱ्या आवाजाच्या वायरींची टोकं, उपसून ठेवल्या. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज. डॅक इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला. यूएसबी हब काढून वायर थेट लॅपटॉपला, आणि वायरही डॅकसोबत आलेलीच, चार्जरची नाही. लॅपटॉपची झोप बंद, फूबार बंद, ब्राउझर बंद. सातची बातमी झाल्यावर बसले.

कंपनीच्या पानावरून झिप उतरवली. तिच्यात तीन गोष्टी होत्या: अपडेट करणारा छोटा प्रोग्रॅम, फर्मवेअरची फाइल आणि एक रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल. मामांनी पहिल्या दोन उघडल्या.

प्रोग्रॅमने डॅक ओळखला आणि चालू आवृत्ती दाखवली. फाइल निवडली, ‘स्टार्ट’ दाबलं. विंडोजचा ‘टुंग’ झाला, म्हणजे डॅक सुटला. लगेच दुसरा ‘टुंग’, म्हणजे परत जोडला गेला, या वेळी नव्या मजकुराची वाट पाहणाऱ्या अवस्थेत. यूएसबीच्या विश्वात या रीतीला डीएफयू म्हणतात. तिचा पहिला मसुदा १९९९ चा, सुधारलेला २००४ चा. फाइलचे तुकडे जातात, डबा ते फ्लॅश मेमरीत लिहितो, ‘मिळालं’ म्हणतो, पुढचा तुकडा. मामांनी पट्टीकडे बघत मिनिटं मोजली, दोनही झाली नाहीत. शेवटी हिरव्या अक्षरांत ‘सक्सेसफुल’. डॅक बंद करून दहा आकडे मोजून चालू केला. प्रोग्रॅम आता नवी आवृत्ती दाखवत होता.

मग आरसीए जोडल्या, अॅम्प लावला, गाणं लावलं, आणि काहीच वाजलं नाही.

फोनवरचं निदान

पहिला तासभर मी वाया घालवला, तो कसा हे सांगणं भाग आहे, कारण शंभरातले नव्वद जण त्याच वाटेने जातील.

डॅकच्या पुढचा दिवा लागलेला होता. गाणं फूबारमध्ये पुढे सरकत होतं. डॅकच्या तोंडावरचा आकडा ४४.१ दाखवत होता, एलपीची फाइल लावली की ९६ दाखवत होता. म्हणजे आकडे डॅकपर्यंत पोचत होते. मी म्हटलं, विंडोजने आवाज दुसरीकडे वळवला असेल. अपडेटनंतर विंडोज कधीकधी त्याच डब्याला नवा पाहुणा समजतं. तसं नव्हतं. मग ड्रायव्हर. विंडोज १० ला २०१७ पासून स्वतःचा यूएसबी ऑडिओ २ चा ड्रायव्हर आहे, कंपनीचा बाजूला सारून तो बसला असेल म्हणून पाहिलं. तसंही नव्हतं. तरी काढून पुन्हा टाकायला लावला. दुसरं यूएसबी पोर्ट झालं, दुसरी वायर झाली, आवाजाच्या पट्ट्या वर-खाली झाल्या. मामा न कंटाळता एकेक करत होते आणि प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होते. त्यांचं ते शांत "नाही" मला जास्त लागत होतं.

शेवटी एक गोष्ट सुचली, ती खरं तर पाचव्या मिनिटाला सुचायला हवी होती.

"मामा, टीव्ही लावा. ऑप्टिकलवर घ्या."

टीव्हीचाही आवाज नाही.

इथे प्रकरण फिरलं. ऑप्टिकलच्या वाटेत लॅपटॉप नाही, विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, यूएसबीची वायरही नाही. तरी शांतता. म्हणजे तासभर आम्ही ज्या घराची झडती घेत होतो तिथे चोर नव्हताच. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात, त्या जागी किंवा त्याच्यापुढे काहीतरी बंद होतं. अॅम्पला मोबाइल थेट जोडून पाहिला तर तो वाजला. उरला डॅकचा शेवटचा टप्पा, म्हणजे खुद्द रूपांतर करणारी चिप आणि तिच्यापुढचं सर्किट.

मी विचारलं, "सुरू करताना काही वेगळं जाणवतंय का?" मामा म्हणाले, नाही, सगळं तसंच. मागून मामींचा आवाज आला. "रोज ते सुरू केलं की आतनं टक् होतंय. आज झालं नाही."

मामांना ते कधी ऐकूच आलं नव्हतं. मामींना रोज यायचं, कारण त्यांना त्या डब्याचा राग आहे.

तो टक् रिलेचा. चांगल्या डॅकमध्ये बहुधा बाहेर जाणाऱ्या वायरीच्या आधी एक छोटा रिले, म्हणजे विजेच्या हुकुमावर चालणारा स्विच, असतो. सुरू होताना आतले दाब स्थिर होईपर्यंत तो बाहेरची वाट बंद ठेवतो आणि मगच जोडतो, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. तो जोडायचा हुकूम फर्मवेअरकडून येतो. हुकूमच आला नव्हता.

झाकणाखाली

दुसऱ्या दिवशी मामांनी मागचे चार स्क्रू काढून झाकण सरकवलं आणि फोटो पाठवले. वॉरंटी केव्हाच संपली होती. फोटोत दोन चिपांवर माझं लक्ष होतं. एक यूएसबीची, एक्समॉसची, ब्रिस्टलच्या कंपनीची. घरगुती डॅकमध्ये ती फार आढळते. दुसरी रूपांतराची, आणि तिच्यावर ईएसएस नावाच्या कंपनीची अक्षरं होती.

आता मामांच्या डॅकच्या खोक्यावर, माहितीपत्रकात आणि मी त्या वेळी वाचलेल्या परीक्षणांत रूपांतराची चिप दुसऱ्याच कंपनीची, एकेएमची, आहे असं लिहिलेलं. मग ही कुठून आली?

उत्तर जपानात आहे. २० ऑक्टोबर २०२० ला क्यूशू बेटावरच्या नोबेओका इथे आसाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या, म्हणजेच एकेएमच्या, कारखान्याला आग लागली. ती तीन दिवस धुमसत होती. जगभरातले कितीतरी डॅक याच कंपनीच्या चिपांवर चालायचे. साठे संपले, उरलेल्या चिपांचे भाव भडकले, आणि २०२१ मध्ये एकामागून एक निर्मात्यांनी बोर्ड नव्याने आखून ईएसएसच्या किंवा आणखी कुणाच्या चिपा बसवल्या. काहींनी मॉडेलचं नाव बदललं, काहींनी नावाला शेपूट जोडलं. मामांच्या डॅकच्या निर्मात्याने नाव तेच ठेवलं आणि खोकीही तीच वापरली. त्या धांदलीत कुणाला दोष द्यावा? चिपा मिळत नव्हत्या हे खरंच आहे. पण बोर्डाचा क्रमांक खोक्यावर छापायला शाई किती लागते?

आणि आता रीडमी. मी झिप उतरवून ती फाइल उघडली. चौथ्या ओळीत होतं: ही आवृत्ती फक्त पहिल्या बोर्डासाठी, दुसऱ्या बोर्डासाठी आम्हाला मेल करा. पानावर हे वाक्य नव्हतं. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी ती उघडली नाही. माझं चुकलं." मला ते पटत नाही, पण त्यांच्याशी या बाबतीत वाद घालता येत नाही.

आत काय घडलं ते आता सरळ सांगता येतं. एक्समॉसची चिप सुरू होताना रूपांतराच्या चिपला दोन तारांवरून सूचना पाठवते: कुठली लय, किती आवाज, कुठला फिल्टर. या तारांना आयटूसी म्हणतात, आणि त्यांच्यावर प्रत्येक चिपचा घर क्रमांक असतो. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, लिहिला तर एकेएमच्या या घराण्याचा १० पासून सुरू होतो, ईएसएसच्या सेबर घराण्याचा नेहमीचा ४८. पहिल्या बोर्डाचं फर्मवेअर १० नंबरच्या दारावर टकटक करत राहिलं. तिथे कुणी राहतच नव्हतं. ‘ओ’ आली नाही म्हणून त्याने रिले जोडला नाही. दिवा लागला, आकडा दिसला, कारण ती कामं दुसऱ्या चिपवर अवलंबून नव्हती.

हे नशीबच म्हणायचं. रिले अशा भरवशावर नसता, आपोआप जुळणारा असता, तर आवाजाची सूचना न मिळालेली चिप पूर्ण जोरात गाऊ शकते. आरसीए पिना उपसून ठेवल्या हे मामांचं शहाणपण पहिल्या सुरुवातीपुरतं. त्यांनी त्या परत जोडल्या तेव्हा स्पीकरांना वाचवणारं फक्त ते बंद दार होतं. अपडेटनंतरची पहिली चाचणी अॅम्पचा आवाज तळाला ठेवून करायची, हे मी त्या दिवसापासून पाळतो.

मग प्रोग्रॅमने अडवलं का नाही? अपडेट नीट उतरलं का हे तपासायला फाइलसोबत एक पडताळणीचा आकडा, सीआरसी, असतो. तो बरोबरच होता. औषधाची बाटली सीलबंद आहे एवढं त्याने पाहिलं. औषध कुणाचं, हे पाहणं त्याचं काम नव्हे. त्यासाठी डीएफयूच्या नियमांत वेगळी सोय आहे. फाइलच्या शेवटी १६ बाइटचं शेपूट लावायचं, त्यात निर्मात्याचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि उपकरणाची आवृत्ती लिहायची; जुळलं नाही तर प्रोग्रॅमने फाइल नाकारायची. ही सोय पहिल्यापासूनची आहे. पण इथे दोन्ही बोर्ड यूएसबीवर स्वतःची ओळख एकच सांगत होते. जुळी मुलं एकाच नावाने शाळेत घातली तर मास्तरांनी हजेरी तरी कशी घ्यायची?

मागे फिरणं

एक्समॉसच्या नेहमीच्या मांडणीत फ्लॅश मेमरीत दोन जागा असतात. एकीत कारखान्यातून निघतानाचं फर्मवेअर, ज्याला अपडेट हात लावत नाही. दुसरीत अपडेट. सुरू होताना आधी अपडेटची सीआरसी तपासली जाते. फाटकं निघालं तर डबा मुकाट्याने कारखान्याच्या प्रतीवर जातो. म्हणजे मामा ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरले होते, ती लाइट अगदी मधोमध गेली असती तर डॅक बहुधा जुन्या आवृत्तीवर सुखाने उठला असता. अपडेट अर्धवट राहिलं असतं तर गाणं वाजलं असतं. ते पुरं झालं म्हणून अडलं.

कारखान्याच्या प्रतीवर मुद्दाम परत जायचा हुकूमही आहे. एक्समॉस आपल्या यूएसबी ऑडिओच्या सोर्स कोडसोबत कमांड लाइनवर चालणारं डीएफयूचं छोटं साधन देतं, त्यात ‘रिव्हर्टफॅक्टरी’ हा पर्याय असतो. निर्मात्याने तो दाबून टाकला नसेल तर चालतो. मी शनिवारी सांगलीला गेलो, माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला डॅक जोडला, हुकूम दिला. काही सेकंद काहीच नाही. मग डॅक बंद करून चालू केला.

टक्.

"झालं," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या.

बरोबर फाइल आल्यावर

कंपनीला मी आधीच मेल केली होती, बोर्डाचा फोटो जोडून. अकराव्या दिवशी दुसऱ्या बोर्डाची फाइल आली, एका ओळीच्या दिलगिरीसह. मामांनी आता रीडमी छापून घेतली होती. या वेळी सगळं व्हायचं तसं झालं, टक्‌सुद्धा. डीएसडी संपून नाट्यपद सुरू झालं, पट् आला नाही.

पण पदाचा पहिला शब्द अर्धा आला.

कंपनीने पट् काढला होता तो म्यूट लांबवून. सॅम्पल रेट किंवा भाषा बदलली की डॅक आता आधीपेक्षा जास्त वेळ गप्प बसत होता. टर्नटेबलसाठी घेतलेल्या साउंड कार्डने डॅकमधून येणारा आवाजच रेकॉर्ड केला आणि ऑडॅसिटी या ध्वनी कापायच्या-तपासायच्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइलच्या शेजारी ठेवला, तर सुरुवातीचा पाऊण सेकंद सपाट होता. बाजारातल्या सीडीवर हे कळत नाही, गाण्याआधी थोडी शांतता सोडलेली असते. ख्यालातही चालून जातं. तानपुऱ्याचा पाऊण सेकंद गेला तर कुणाचं काय गेलं? मामांच्या एलपीच्या फाइली मात्र त्यांनी स्वतः कापलेल्या. सुई टेकल्याची खरखर नको म्हणून पदाच्या पहिल्या अक्षराला अगदी चिकटून. तीन वर्षांच्या त्या नेटक्या कात्रीने आता त्यांचाच गळा धरला.

दुसरी भानगड चार दिवसांनी कळली. मामींच्या मालिकेत टीव्हीचा आवाज अधूनमधून क्षणभर तुटायला लागला. ऑप्टिकलवर डॅकला स्वतःची लय, म्हणजे नमुन्यांना ताल देणारी टिकटिक, नसते, टीव्हीच्या लयीमागे धावावं लागतं. ईएसएसच्या चिपमध्ये हे काम डीपीएलएल नावाचं, लय पकडून ठेवणारं सर्किट करतं आणि ते किती ढिलं किंवा घट्ट धरायचं हे फर्मवेअर सांगतं. घट्ट धरलं तर लयीतली थरथर चांगली गाळली जाते, मोजमापं देखणी येतात. पण टीव्हीची लय डुलणारी असेल तर पकड सुटते आणि आवाज तुटतो. विचारल्यावर कंपनीने कबूल केलं की नव्या आवृत्तीत पकड घट्ट केली आहे. प्रयोगशाळेतल्या जनरेटरसमोर ते छान दिसत असेल. सांगलीतल्या सेट टॉप बॉक्ससमोर नाही.

मामांनी दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाले, "परत मागं घे." मी घेतलं. डॅक आता २०२१ च्या मूळ फर्मवेअरवर आहे.

पट्‌चं काय केलं? ते फूबारमध्येच सुटलं, आणि ते आधी न सुचल्याबद्दल मला स्वतःचा राग येतो. डीएसडी उलगडणारा जोड मामांच्या फूबारला होताच. त्याला थेट डीएसडी पाठवू नको, पीसीएम करून दे असं सांगितलं. मग रीसॅम्पलर लावून सगळंच ९६ किलोहर्ट्झवर आणलं, एलपीच्या फाइली तशाही तिथेच आहेत. आता डॅकला संध्याकाळभर एकच भाषा आणि एकच रेट दिसतो. भाषा बदलत नाही म्हणून पट् नाही, रेट बदलत नाही म्हणून म्यूट नाही. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. मूळ डीएसडीला हात लावला, सीडीचे नमुने पुन्हा आखले, म्हणून ते नाक मुरडतील. मामांना मी हा आक्षेप प्रामाणिकपणे सांगितला. ते म्हणाले, "माझे कान बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना पहिलं अक्षर हवंय."

ज्यांना असं रूपांतर नकोच असेल त्यांच्यासाठी काही प्लेअरांत वेगळी सोय असते. रूनमध्ये ‘रीसिंक डिले’ नावाची सेटिंग आहे, जेरिव्हरमध्ये सुरुवातीला थोडी शांतता वाजवायचा पर्याय आहे. रेट बदलला की आधी कोरी शांतता पाठवायची, ती डॅकने गिळायची, मग गाणं सुरू. तीस-चाळीस फाइलींसाठी मामा नवा प्लेअर शिकणार नव्हते, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

मामांनी डॅकच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय: दुसरा बोर्ड, ईएसएस, मूळ आवृत्ती. खाली तारीख आणि सही, फ्यूज बदलल्याची नोंद करावी तशी. गेल्या महिन्यात कंपनीची आणखी एका नव्या आवृत्तीची मेल आली. मामांनी ती मला पुढे पाठवली, वर फक्त एक प्रश्न लिहून: "रीडमी वाचलीस का?"